चौरंगाचे चार पाय

पूजेसाठीं चौरंग मांडतांना त्याचा एक पाय आंखूड आहे असें आढळलें, तर आपण काय करतों? उरलेले तीन पाय आणखी उंच करीत नाहीं. आंखूड पायाखालीं लाकडाची चकती सरकवितों. स्वतःच्या उन्नतीच्या बाबतींत मात्र आपण नेमके उलट वागतों. विद्वान अधिक वाचतो, पहिलवान अधिक जोर काढतो, आणि ज्याला पैसा साधतो तो पैशाच्याच मागें लागतो. जें साधतें तेंच वाढविण्यांत सुख वाटतें, आणि तोल जातो तो तेथेंच.

निरोगी कोणाला म्हणावें, याचें सुश्रुतानें दिलेलें उत्तर पाहण्याजोगें आहे. दोष, अग्नि, धातु आणि मलक्रिया सम असाव्यात, एवढ्यावर तो थांबत नाहीं. आत्मा, इंद्रियें आणि मन हींहि प्रसन्न असावींत, असें तो सांगतो. १९४८ सालीं अंमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनेंहि, आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, असें सांगून शरीराबरोबर मनाचें आणि समाजजीवनाचें स्वास्थ्य त्यांत गणलें आहे. शरीर, मन आणि लोकसंबंध हे तीन पाय येथें मिळाले. चौथा, बुद्धीचा, मी शाळामास्तराच्या हक्कानें जोडतों.

पण समतोल म्हणजे दिवसाचे चार सारखे वाटे नव्हेत. १८७३ सालीं लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजांत दाखल झाले. प्रकृति अशक्त आहे हें ओळखून त्यांनीं तें पहिलें वर्ष व्यायामाला वाहिलें. त्या वर्षाची परीक्षा गेली. पुढें १९०८ ते १९१४ या मंडालेच्या तुरुंगवासांत, मधुमेह जडलेला असतांना, त्यांनीं ‘गीतारहस्य’ लिहिलें. तें पहिलें वर्ष वायां गेलें, असें कोण म्हणेल? समतोलाचा हिशेब रोजच्या रोज जुळत नसेल; तो आयुष्याच्या वहींत जुळला पाहिजे.

महर्षि धोंडो केशव कर्वे यांची तऱ्हा निराळी. १८९१ पासून १९१४ पर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत. १८९६ सालीं त्यांनीं विधवांसाठीं आश्रम काढला. तो पुढें पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. आश्रम आणि शहर यांमधील वाट ते वर्षानुवर्षें पायीं तुडवीत. शहरांत शिकवावयाचें, आश्रमासाठीं वर्गणी मागावयाची आणि परतावयाचें. त्या एका वाटेंत व्यायाम होता, विद्या होती, लोकसेवा होती आणि मनाला धरून ठेवणारा हेतूहि होता. १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, १९५८ सालीं त्यांना भारतरत्न मिळालें आणि १९६२ सालीं, वयाच्या १०४ व्या वर्षीं, ते गेले. एवढें आयुष्य चालण्यानेंच लाभलें, असें मी म्हणत नाहीं. पण चारी पाय एकाच कामांत बसवितां येतात, हें त्यांच्यापासून शिकावें.

याची गरज आपल्या घरांतच आहे. मुलाची परीक्षा जवळ आली कीं प्रथम त्याचें मैदान बंद होतें, मग मित्र, मग झोंप. गुणांच्या एका पायावर आपण त्याला उभें करतों. निकाल मनाजोगता लागला नाहीं, तर टेकावयाला त्याच्यापाशीं दुसरें कांहींच उरत नाहीं. सेवानिवृत्ताचीहि तीच गत. तीस-पस्तीस वर्षें कचेरीपलीकडे ज्यानें कांहीं जोडलें नाहीं, त्याला शेवटच्या दिवशीं हार घालतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोठें जावें, हें त्याला कळत नाहीं.

तेव्हां आपला कोणता पाय आंखूड आहे, हें घरच्या माणसांना विचारावें; त्यांना तें आपल्याआधीं ठाऊक असतें. मग त्याखालीं चकती सरकवावी. वाचणाऱ्यानें अर्धा तास चालावें, व्यायाम करणाऱ्यानें चार पानें वाचावींत, एकलकोंड्यानें शेजाऱ्याच्या दारीं जावें, आणि सदा माणसांत रमणाऱ्यानें थोडा वेळ एकटें बसावें. चकती मात्र लहानच असावी. ती फार जाड झाली, तर चौरंग दुसऱ्या बाजूला कलतो.