एका दिवसाचा डोंगर



पावसाळा सरला की सहलीचे बेत सुरू होतात. नाशिककरांना डोंगरांची वाण नाही. मग कोणता निवडावा? डोंगराची उंची मागाहून पाहा. आधी आपल्यातलं सर्वांत कच्चं पोर पाहा. त्याला झेपेल तोच आपला डोंगर.

लहान वर्ग असेल, तर पांडवलेणी बरी. पायऱ्या चढून लवकर पोचता येतं. लेणी चोवीस. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तो मुलांना अवश्य दाखवा.

पाय थोडे तयार झालेले असले, तर त्र्यंबकचा ब्रह्मगिरी. जी गोदावरी पुढे सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाते, तिचा उगम इथला. शेजारच्या अंजनेरीवर पावसाळ्यात दुर्मिळ कंदीलपुष्प फुलतं. डोळे भरून पाहावं, पण तोडू नये.

आता हरिहर. कातळात कोरलेल्या त्या उभ्या पायऱ्या कुणालाही भुरळ घालतील. पण वाट अरुंद आहे, बरं का! चढताना हुरूप असतो. उतरताना कातळाकडे तोंड करून, खोबणीत बोटं रोवून एकेक पायरी उतरावी लागते. शाळेचा घोळका तिथं नेऊ नका. पावसात तर नाहीच.

परतीची वेळ निघतानाच ठरवा. ती झाली, की माथा हाकेवर असला तरी मागं फिरा. डोंगर कुठं जात नाही. पोरं मोजून न्या, मोजून घरी आणा.