आतून लागणारी, बाहेरून उघडणारी कडी

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली आपली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी कितीतरी मराठी घरं इथेच राहिली. जुन्या वस्तीतल्या वाड्यांची दारं आठवून पाहा. जाड सागवानी फळ्या, आतून आडवा अडसर, वर लोखंडी साखळी. काळ लुटालुटीचा होता आणि दार उघडायला घरात दहा हात होते. आज अशाच घरांत कुठे एकटी आजी असते, कुठे दोघं म्हातारे. मुलं इंदूरला, नाहीतर पुण्याला. माणसं बदलली, कड्या मात्र त्याच राहिल्या.

माझी आत्या एका सकाळी न्हाणीघरात घसरून पडली. दाराची कडी आतून लावलेली, तीही वरच्या टोकाला. ती शुद्धीवर होती, हाकेला ओ देत होती; पण हात कडीपर्यंत पोचत नव्हता. शेजाऱ्यांनी दाराची फळी फोडेपर्यंत पाऊण तास गेला. तेव्हापासून मी कडीकडे निराळ्या नजरेनं पाहतो. कडी चोराला अडवते, तशीच मदतीला धावून आलेल्यालाही अडवते.

म्हणून सुरुवात न्हाणीघरापासून करा. तिथं अशी कडी बसवा, की जिला बाहेरच्या अंगानं खाच असते. वेळ आली तर त्या खाचेत नाणं घालून फिरवलं की दार उघडतं. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असेल तर फारच चांगलं. आत उघडणाऱ्या दाराला पडलेल्या माणसाचंच अंग अडतं.

आता उंचीचं बघू. ज्या चिटकनीला दुकानात टॉवर बोल्ट म्हणतात, ती बहुधा दाराच्या वर किंवा खाली असते. वर हात नेताना खांदा धरतो, खाली वाकलं की घेरी येते. कडी जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, उभ्या उभ्या हाताला लागेल अशी हवी.

तिसरी गोष्ट पकडीची. संधिवातानं बोटं आखडली की बारीक बोंडी चिमटीत धरवत नाही, गोल मूठ पिळवत नाही. आडव्या दांडीचं हँडल तळहातानं, अगदी कोपरानंही खाली दाबता येतं. दांडीचं टोक दाराकडे वळलेलं घ्या, म्हणजे पदर अडकणार नाही. नजर कमी झाली असेल तर दाराच्या रंगात हरवणार नाही, अशा रंगाचं निवडा.

मुख्य दाराचं कुलूप आतून किल्लीवाचून उघडलं पाहिजे. आग लागली तर किल्ली शोधायला वेळ नसतो. आपोआप लागणारं लॅच असेल तर दूध घ्यायला बाहेर पडलेली आजी बाहेरच अडकते. त्यासाठी एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे असू द्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कडी आणि कोयंडा जुळत नाहीत. तेव्हा सुताराला बोलवा. म्हाताऱ्या हातांना जोर लावायला लावू नका.

श्रोतेहो, आज संध्याकाळी आईला, आजोबांना त्यांच्याच घरातली प्रत्येक कडी लावून उघडायला सांगा. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा, हात लावू नका. जी कडी त्यांना दुसऱ्यांदा ओढावी लागेल, ती उद्याच बदला.