हिमालयातील हिवाळी प्रवास आणि मोटारीची पूर्वतयारी
(भाषणाची संहिता)



महाराष्ट्रातील मोटारचालकाला घाट नवा नाही. माळशेजचे धुके, आंबेनळीची वळणे, पावसाळ्यातील दरडी यांतून तो नित्य वाट काढतो. गोठलेल्या रस्त्याचा अनुभव मात्र त्याच्या गाठीस नसतो. महाबळेश्वरी वेण्णा तलावाकाठी दव गोठले, तरी ती येथे वृत्तपत्राची बातमी ठरते.

३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीजवळील ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. त्यापूर्वी रोहतांग खिंडीतील बर्फामुळे लाहौल खोरे हिवाळ्यात कित्येक महिने एकाकी पडत असे. आता ऐन थंडीतही सपाटीवरील वाहने तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर पोहोचू लागली आहेत. रस्ता सुलभ झाला तरी तेथील थंडी पूर्वीइतकीच कठोर आहे. म्हणून वाहनाची खरी तयारी गाव सोडण्यापूर्वीच व्हावयास हवी.

पाणी, डिझेल आणि बॅटरी

घाटात इंजिन तापले की रेडिएटरमध्ये साधे पाणी ओतण्याची आपल्याकडील सवय हिमालयात घातक ठरते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. उभ्या मोटारीत रातोरात रेडिएटर फुटू शकतो, इंजिनाच्या ओतीव भागाला तडा जाऊ शकतो. इथिलिन ग्लायकोलयुक्त कूलंट आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घेतल्यास ते मिश्रण सुमारे उणे ३५ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. निघण्यापूर्वी जुने पाणी काढून हे मिश्रण भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रव असावे.

कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण साकळते व फिल्टर तुंबतो. यावर उपाय म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल उपलब्ध केले. सपाटीवर भरलेल्या टाकीवर विसंबून न राहता चढ लागण्यापूर्वी अशा इंधनाची चौकशी करावी.

उणे १८ अंशांच्या आसपास शिसे-आम्ल बॅटरीची शक्ती जवळजवळ निम्मी होते. त्याच वेळी वंगण घट्ट झाल्याने इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी म्हणूनच आधी तपासून घ्यावी.

चाके आणि चालक

आपल्याकडे टायरच्या नक्षीची कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. बर्फासाठी ती निदान ४ मिलिमीटर असावी. तापमान आणि उंची या दोहोंमुळे हवेचा दाब बदलतो. म्हणून तो पायथ्याशी व वर पोहोचल्यावर, टायर थंड असताना पाहावा. साखळ्या टायरच्या मापाच्या असाव्यात. इंजिनाची शक्ती ज्या चाकांना मिळते त्याच चाकांना त्या लावावयाच्या असतात. हा सराव घराच्या अंगणात करावा. हिमवर्षावात गारठलेल्या बोटांना ते काम शिकवता येत नाही.

सावलीतील वळणावर आणि पुलावर बर्फाचा पारदर्शक थर असतो. तो ओल्या डांबरासारखा दिसतो. तेथे ब्रेक जोराने दाबल्यास चाके घसरतात. उतारावर आधीच खालचा गिअर टाकावा आणि पुढील वाहनापासून भरपूर अंतर ठेवावे. रात्री हातब्रेक गोठून अडकू नये म्हणून मोटार गिअरमध्ये ठेवून चाकांखाली दगड लावावेत.

अडकून पडल्यास

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवर्षावात मोटारींत अडकलेले वीसहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. धुराची नळी बर्फाने बुजली आणि ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवले, तर कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला वायू आत साठतो. झोपलेल्या माणसास त्याची चाहूलही लागत नाही. इंजिन थोडा वेळच चालवावे, त्यापूर्वी नळीभोवतीचे बर्फ काढावे, काच किंचित उघडी ठेवावी. फावडे, विजेरी, ब्लँकेटे, पाणी व कोरडे खाद्य गाडीत असलेच पाहिजे.

शालेय सहल असो वा कार्यालयीन बांधवांचा प्रवास, वाहन ठरविणाऱ्याने भाड्याच्या बोलणीबरोबरच कूलंट, बॅटरी, टायर व साखळ्यांची विचारणा करावी. स्थानिक प्रशासनाने रस्ता बंद केल्यास मुकाट्याने परत फिरावे. बुडालेला एक दिवस भरून काढता येतो. अडकलेल्यांना सोडविण्यासाठी मात्र इतर माणसांना त्याच बर्फात आपले प्राण पणास लावावे लागतात.