प्लास्टर सुटल्यानंतरचा हात



आज इथे लांज्यात बोलायला येताना वाटेत एका घराची पायरी पाहिली. जांभ्या चिऱ्याची, पावसाने काळी पडलेली, कडेला शेवाळ, आणि वर कुणीतरी गोणपाट अंथरलेलं. ते अंथरणाऱ्याला भेटून दोन शब्द बोलावेत असं वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट; पावसाळ्यात माझ्याकडे येणारे कितीतरी हात अशाच पायऱ्यांवर मोडलेले असतात.

पाय सरकला की माणूस आपसूक तळहात पुढे करतो. अंगाचा भार मनगटावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं हाड मनगटाच्या जरा वर मोडतं. डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी 1814 साली या मोडीचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागायला तेव्हा अजून 81 वर्षं होती. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं विरळ होत जातात, म्हणून साठीतल्या आया-मावश्यांमध्ये ही मोड फार दिसते. हाड बसवून प्लास्टर घालतात, पाच-सहा आठवड्यांनी काढतात. घरचे म्हणतात, हात सुटला. मला आज त्या सुटलेल्या हाताबद्दलच बोलायचं आहे.

माझ्या आईचाच हात सांगतो. मी तेव्हा मुंबईला शिकत होतो, ती गावी. प्लास्टर काढल्यावर दोन दिवसांनी मी घरी पोचलो. कातडी पांढुरकी, कोंडा धरलेली. बोटं सुजून चकाकत होती. सकाळी वेणी घालायला तिने हात वर नेला, तो कानापाशी अडला. मोडलं होतं मनगट, आखडला होता खांदा. सहा आठवडे तिने हात झोळीत घालून छातीशी धरला होता, अगदी तान्ह्या मुलासारखा जपला होता. हात हलवू नका, एवढंच तिला दवाखान्यात सांगितलं गेलं होतं. बोटं, कोपर आणि खांदा हलवत राहा, हे कुणी सांगितलं नाही. पुढचे चार महिने तिची वेणी माझी बहीण घालत होती.

हाड आपलं आपण जुळतं, निसर्ग ते काम करतो. सांध्याचं तसं नाही. सूज आली की तिच्यातलं पाणी स्नायुबंधांच्या आणि सांध्याच्या आवरणाच्या पदरांत साचतं. हालचाल नसली की ते पदर एकमेकांना चिकटतात, आवरण आक्रसतं. स्नायूही भराभर वाळतात. म्हणून प्लास्टर घातलं त्याच संध्याकाळपासून हात उशीवर छातीपेक्षा उंच ठेवायचा, आणि जागेपणी दर तासाला दहा वेळा मूठ वळायची, उघडायची. दिवसातून तीन-चारदा हात डोक्यावर नेऊन आणायचा. हे करताना दुखेल, ते सोसावं. पण बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली, ठणका असह्य झाला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. कामट्या लावून करकचून बांधलेल्या हातालाही हेच लागू आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. झाडावरून पडलेल्या पोराच्या कोपराला मुका मार लागला की तेल लावून जोरजोरात चोळतात, ओढून सरळ करतात. करू नका. कोपराभोवतीच्या दुखावलेल्या स्नायूला असं रगडलं की त्या स्नायूतच हाड धरायला लागतं आणि कोपर कायमचा अडू शकतो. कोपर पोराने स्वतःच्या जोराने हलवायचा, दुसऱ्याने नाही.

आपल्याकडे हात-पाय हलते ठेवण्याची ही विद्या शिकवायला सुरुवात झाली ती पोलिओमुळे. मुंबईत साथ आली, लुळ्या पडलेल्या पायांच्या मुलांनी वॉर्ड भरले, आणि 1950च्या दशकाच्या आरंभी केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. 1955 साली मुंबईतच हाजीअलीला पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. पोलिओवर औषध नव्हतं, जो स्नायू उरलाय त्यालाच कामाला लावायचं होतं. आमच्या विद्येचं मूळ तिथे आहे, मशीनच्या शेकात नाही. शेकाने दुखणं तासाभराला हलकं होतं, बळ येत नाही.

जे हाताचं, तेच खुब्याचं. म्हाताऱ्या माणसाचा खुबा मोडला की घरात सगळे म्हणतात, आजीला हलवू नका. मायेनेच म्हणतात. पण पडून राहिलेल्या आजीला पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की शक्य तर दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभं करायचं. ती रडेल, तुम्हाला शिव्या घालेल. तरी करा.

राहता राहिला अंतराचा प्रश्न. वाडीवरून एसटीने लांज्याला यायचं, तेही आठवड्यातून तीनदा, म्हणजे मजुरीचे तीन दिवस बुडतात. मी हे ओळखून आहे. म्हणून पहिल्या भेटीत मी घरातल्या वस्तू विचारतो. घमेलं आहे? त्यात तीन-चार किलो तांदूळ घ्या, बोटं आत खुपसा, तांदळातच मूठ वळा आणि उघडा. लाटणं उभं धरा, एकदा डावीकडे कलवा, एकदा उजवीकडे. आठवड्याभराने ओला पंचा पिळा. खांद्यासाठी पडवीच्या वाशाला कप्पी बांधून दोर सोडा आणि चांगल्या हाताने ओढून दुखरा हात वर न्या. विहिरीवर रहाट ओढलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही.

मनगट मोडल्यावर सगळ्यात उशिरा परत येते ती एक हालचाल: तळहात वर करण्याची. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "हात सुटला, पन देवळात तीर्थ घ्येवक हात पुढे व्हईत नाय." त्यांचा तळहात आडवा राहायचा आणि तीर्थ मनगटावरून ओघळून जायचं. तेव्हापासून शेवटच्या भेटीत मी पेशंटच्या तळहातावर पळीभर पाणी ओततो. ते ओघळलं, तर लाटणं आणखी पंधरा दिवस. राहिलं, तर त्यांनी माझ्याकडे यायचं थांबवायचं.