उसाचा फड आणि बिबट्या

(ऊस उत्पादक शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज विषय उसाचाच आहे. पण खताच्या मात्रेचा नव्हे, उसात मुक्कामाला आलेल्या बिबट्याचा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या तालुक्यांत रात्री दारे धरायला निघालेल्या माणसाच्या मनात पहिली भीती त्याचीच असते. ती खोटी नाही. माणसे गेली आहेत, लहान मुले गेली आहेत. म्हणूनच हा प्रश्न मुळापासून समजून घेतला पाहिजे.

बिबट्या या भागाला नवा नाही. डोंगरी गावांत वाघोबाची ठाणी आहेत, दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळली जाते. जनावर शेजारी आहे हे मानून सावध राहण्याची ती रीत होती. मधल्या काळात शिकार वाढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला बंदी आली. दरम्यान धरणे झाली, कालवे आले आणि जेथे बाजरी, हुलगा, मटकी निघत होती तेथे ऊस उभा राहिला.

बिबट्याला तीन गोष्टी लागतात: लपण, पाणी आणि भक्ष्य. आपण आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणि सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. शिवाय खोडवा असतोच. त्यामुळे एक फड तुटला तरी शेजारचा माणसाच्या उंचीचा असतो. वर्षात असा महिना नाही की शिवारात लपण नाही. त्यातच मादी पिले घालते. उसात जन्मलेल्या पिलाला ऊस हेच रान. त्याला ‘जंगलातून भरकटलेले जनावर’ म्हणणे बरोबर नाही.

अकोले परिसरातील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या त्या बागायती भागात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार त्यांच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता आणि शेळ्यांचा ११ टक्के. शेळ्या मात्र कुत्र्यांच्या सातपट होत्या. शेळी रात्री बंद असते, कुत्रे मोकळे असते. यातून घेण्यासारखा धडा आहे.

‘पिंजरा लावा, धरा आणि लांब सोडा’ अशी मागणी होते. माणसावर हल्ला करणारे जनावर पकडलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु दिसला की धर, हा उपाय उलटू शकतो. जुन्नर वन विभागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. रिकाम्या जागेत दुसरा बिबट्या येतो आणि अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या माणसांच्या वस्तीत भटकतो.

मग आपल्या हातात काय आहे?

१) घर आणि गोठ्याला लागून ऊस लावू नये. मध्ये भुईमूग, कांदा, हरभरा अशा बुटक्या पिकांचा पट्टा ठेवावा.

२) शेळ्या-वासरांसाठी वरून आणि चारही बाजूंनी बंद, मजबूत जाळीचा गोठा करावा. नुसते कुंपण पुरत नाही.

३) मेलेल्या कोंबड्या व जनावरे उघड्यावर टाकू नयेत. त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

४) वीज रात्रीच्या पाळीत मिळते तेथे एकट्याने दारे धरू नयेत. दोघांनी जावे, बॅटरी व काठी घ्यावी, मोठ्याने बोलत चालावे. ठिबक असल्यास फडात शिरण्याच्या खेपा कमी होतात.

५) तोडणी एका बाजूने सुरू करावी. चारही बाजूंनी फड घेरू नये. जनावराला निघून जायला वाट ठेवावी.

६) पिले दिसल्यास हात लावू नये, गर्दी करू नये. वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिले त्याच जागी सुरक्षित ठेवली तर मादी बहुधा रात्री येऊन घेऊन जाते. पिले हलवली तर ती त्यांच्या शोधात तेथेच घुटमळते.

शेवटी एक विनंती. सर्वांत जास्त धोका ऊसतोड कामगारांच्या मुलांना आहे. आईबाप फडात आणि मूल बांधावर झोपलेले, कोपीला दार नाही. बागाईतदाराने आणि कारखान्याने मिळून कोप्यांसाठी फडापासून दूर मोकळी जागा, रात्रभर दिवा आणि शौचालय एवढी सोय करावी. टोळी येण्यापूर्वीच हे काम उरकावे. ऊस आपला आहे, तसा तो तोडायला येणाऱ्यांचा जीवही आपल्या जबाबदारीचा आहे.