फुलदाणी उलटी करून पाहा

श्रोतेहो, आठवड्याच्या बाजारात मडके घेताना आपण काय करतो? ते उचलतो, उजेडाकडे धरतो आणि बोटाने टिचकी मारतो. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर खाली ठेवायचे. एवढी साधी गोष्ट मी परदेशी जाऊन विसरलो, त्याची ही हकिगत.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असता रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार पाहिला. टेबलांवर जिकडे तिकडे मातीच्या झिलईदार फुलदाण्या! नारिंगी, तपकिरी, काळ्या; आणि कित्येकींच्या अंगावर ज्वालामुखीच्या रसासारखे जाड, खडबडीत ओघळ. मला एक मोठी नारिंगी आवडली. भाचा म्हणाला, "मामा, आधी उलटी करून बघा."

बुडाशी दोन आकडे आणि खाली 'डब्ल्यू. जर्मनी' अशी अक्षरे होती. क्लाइनहॉयबाख गावच्या शॉयरिख कारखान्याच्या फुलदाणीवर समजा २४२-२२ असे असले, तर २४२ हा घाटाचा क्रमांक आणि २२ ही सेंटिमीटरमध्ये उंची. पुष्कळदा कारखान्याचे नाव मातीत उमटवलेले नसते. ते कागदी चिठ्ठीवर असे, आणि चिठ्ठी केव्हाच निघून गेलेली असते. 'डब्ल्यू. जर्मनी' म्हणजे पश्चिम जर्मनी. १९४९ साली हे राज्य निराळे झाले आणि १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या. शिक्षक बंधुभगिनींनो, नकाशावरून पुसलेले नाव बुडाशी अजून शाबूत आहे!

महायुद्धात तिथली शहरे उद्ध्वस्त झाली होती. पुढे नवी घरे उठली, हाती पैसा आला आणि घर सजवायला स्वस्त, रंगीत वस्तू हव्या झाल्या. मग कारखान्यांतून फुलदाण्या हजारोंनी निघू लागल्या. गणपतीच्या मूर्तींमुळे प्लॅस्टर ऑफ पॅरिस आपल्या ओळखीचे आहे. त्याच्या साच्यात मातीचा पातळ चिखल ओततात. साचा पाणी शोषतो, कडेला मातीचा थर धरतो. उरलेला चिखल ओतून टाकला की आत पोकळ फुलदाणी तयार! ते ओघळ म्हणजे झिलईची करामत. धार लावण्याच्या चाकात असते ते सिलिकॉन कार्बाइड झिलईत मिसळतात. भट्टीत त्यातून वायू सुटतो, बुडबुडे फुटतात आणि त्यांचे खळगे तसेच राहतात. पुढे ही आवड ओसरली आणि फुलदाण्या माळ्यावर गेल्या. २००६ साली मार्क हिल या इंग्रज जाणकाराने त्यांच्यावर 'फॅट लाव्हा' नावाचे पुस्तक लिहिले. आता लोक त्या हौसेने जमवतात.

तर मी आकडे वाचले, अक्षरे वाचली, खूश झालो आणि टिचकी मारायची विसरलो. घरी आणून पाणी घातले, झेंडूची फुले ठेवली. सकाळी पाहतो तो टेबलावरच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका ओल्याचिंब! झिलईखाली केसासारखी बारीक चीर होती. आई म्हणाली, "अरे, दहा रुपयांचं मडकं वाजवून घेतोस, आणि हे नाही का वाजवून घ्यायचं?"

मग तिने त्यात लोणचे भरायचा बेत केला, तेव्हा मात्र मी आडवा आलो. त्या काळच्या भडक झिलईत शिसे किंवा कॅडमियम असू शकते. आंबट पदार्थाने ते सुटते.

तडकलेल्या फुलदाणीला जमवणारे फारशी किंमत देत नाहीत. मला ती टाकवली नाही. आईने आता त्यात ज्वारीची कणसे उभी केली आहेत. त्यांना पाणी लागत नाही.