एक शब्द, दोन शिव्या



अमेरिकेत 'लिबरल' ही शिवी होऊन बसलीय. पण ती दोन तोंडांतून येते आणि ती दोन तोंडं एक नाहीत. आज एवढंच सांगायचंय.

एकोणिसाव्या शतकात लिबरल म्हणजे सरकारनं बाजारात हात घालू नये असं म्हणणारा. १९२९ नंतर मंदी आली, लाखो कामगार रस्त्यावर आले. रूझवेल्टनं हाच शब्द उचलला अन् उलटा केला : उपाशी माणसाला सरकारनं हात द्यावा म्हणणारा तो लिबरल. १९३५ साली सोशल सिक्युरिटी कायदा झाला. म्हातारपणी पेन्शन, बेकारीत भत्ता. पण शेतमजूर आणि घरकामगार बाहेर! दक्षिणेतली बहुतेक काळी माणसं नेमकी तीच कामं करत होती. म्हणजे राबणाऱ्यालाच पंगतीतून उठवलं.

१९६४ साली अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं. मिसिसिपीहून फॅनी लू हेमर आली. कापूस वेचणारी बाई. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मळ्यावरून हाकललेली, तुरुंगात मार खाल्लेली. लिबरल पुढाऱ्यांनी तिच्या गटापुढं दोन जागा टाकल्या. गटानं त्या नाकारल्या. ही पहिली शिवी : अर्धं देतो अन् उपकार मिरवतो म्हणून. त्याच संतापाच्या दिवसांत, १९६६ साली ऑकलंडला ब्लॅक पँथर निघाले. त्यांचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी घेतलं.

दुसरी शिवी उजवीकडची. जॉन्सननं १९६४ साली नागरी हक्कांचा, १९६५ साली मताधिकाराचा कायदा केला. दक्षिणेतल्या गोऱ्यांचं डोकं फिरलं. पुढं रेगन, थोरले बुश यांनी लिबरल म्हणजे पैसा उधळणारा, गुन्हेगाराला पाठीशी घालणारा असं लोकांच्या डोक्यात भरवलं. १९८८ साली डुकाकिस 'मी लिबरल' म्हणायला कचरला. मतदान तोंडावर आल्यावर म्हणाला, अन् ४० राज्यांत हरला. मग १९९६ साली डेमोक्रॅट क्लिंटननंच गरीब आयांच्या मदतीची १९३५ पासूनची हमी सही करून मोडली. २०१३ साली सुप्रीम कोर्टानं मताधिकार कायद्याचा कणा काढला.

पहिली शिवी म्हणते, कमी दिलंस. दुसरी म्हणते, दिलंसच का? दोघांच्या सुरात सूर मिसळू नका. लिबरलला जरूर धारेवर धरा. पण शेजारी उभा राहून टाळ्या वाजवणारा कोण आहे, ते आधी बघा.